बोकडांची नोंदवही: ईदेचं गणित उलटं मांडायचं (जून २०२६)

मे अखेरीच्या बकरी ईदेला मागच्या खेपेचे बोकड गेले. शेडात आता जानेवारी-फेब्रुवारीत पडलेली करडं, त्यांच्या आया आणि पैदाशीचा उस्मानाबादी जातीचा काळा बोकड, एवढंच खटलं उरलंय. नव्या भिडूंना वाटतं, बोकड मोठा झाला की विकायचा. माझं उलटं चालतं. आधी बाजार ठरतो, मग शेळी भरवायचा, म्हणजे बोकडाला दाखवायचा, महिना.

ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२५ ला ७ जूनला होती, २०२७ ला मेच्या मध्यावर येईल. गिऱ्हाईक आलं की दराचं नंतर, आधी बोकडाचा खालचा ओठ खाली ओढतं. पुढचे मधले दोन दुधाचे दात पडून तिथं रुंद पक्के दात दिसले, म्हणजे वय भरलेलं दिसलं, तरच गाडी पुढं सरकते. ते नसतील तर बोकड कितीही थोराड असू दे, दावं सोडून माणूस पुढच्या शेडात. मग कान फाटलाय का, शिंग मोडलंय का, लंगडतोय का हे बघणं आलंच. पक्के दोन दात यायला वर्ष ते सव्वा वर्ष लागतं. म्हणजे मे २०२७ च्या ईदेसाठी करडू २०२६ च्या सुरुवातीला पडायला हवं. शेळी पाच महिने गाभण, म्हणून भरवणं २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. ही खेप तशीच धरलीय.

भरवायच्या आधी दोन-तीन आठवडे मक्याचा भरडा वाढवला होता. जुळी पडायला त्याचा उपयोग होतो. सकाळी माजावर दिसलेली शेळी संध्याकाळी दाखवायची, संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. नाही ठरली तर एकवीस दिवसांनी शेपूट हलवत परत ओरडतेच.

चाऱ्याचं सांगतो, कारण आपल्याकडं सगळे उसाच्या वाढ्यावर भरवसा ठेवून बसतात. गळीत हंगामात वाढं फुकटात मिळतं हे खरं. पण त्यातलं ऑक्झालेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि शेळीला ते मुळात आवडतही नाही. माझ्याकडं शेवरी, सुबाभूळ, भुईमुगाच्या शेंगांचा पाला आणि सोयाबीनचं भुसकट. वाढं तोंडी लावण्यापुरतं, तेही खनिज मिश्रणासोबत.

वजन वाढवायच्या नादात गव्हाचा कोंडा रेटणाऱ्यांनी जरा थांबावं. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि त्यानं बोकडाला मूतखडा होतो. बोकड पाठ वाकवून कुंथतोय, थेंबथेंब मुततोय, दात खातोय, असं दिसलं की पोटदुखीचं औषध पाजत बसू नका, सरळ डॉक्टर बोलवा. फार लवकर खच्ची केलेल्याला हा धोका जास्त, कारण मूत्रनळी बारीकच राहते. म्हणून मी तीन महिन्यांच्या आत चिमटा लावत नाही. मीठ आणि भरपूर पाणी कायम समोर.

यंदाच्या करडांचं खच्चीकरण उरकलं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लसही वळवाच्या आधी टोचून घेतली. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर ताव मारला की धडधाकट करडू रात्रीत जातं, तेव्हा यात चालढकल नाही. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लसही झाली. आमचा कोल्हापूर जिल्ह्यातला हातकणंगले भाग त्या मानानं कोरडा, उस्मानाबादी इथं सुखात राहते. गगनबावडा-राधानगरीकडच्या दोस्तांनी मात्र सिंधुदुर्गातल्या कोकण कन्याळ शेळीचा विचार करावा, ती जास्त पावसाला सरावलेली जात आहे.

ताणकाटा नसला तरी टेप चालतो. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी (तीही इंचात), भागिले ६६०. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर ३१ किलोच्या आसपास. हा हिशेब खिशात ठेवूनच वडगावच्या बाजाराला जावं. तिथं रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो, आणि बोकड नजरेनं तोलणारा दलाल तुमच्यापेक्षा शहाणा असतोच. ईदेचं गिऱ्हाईक रूपाचे पैसे मोजतं, खाटीक मटणाचे. तीस किलोच्या बोकडातनं चौदा-पंधरा किलो पडतं, त्यात त्याला दुकानही चालवायचं असतं. २०१९-२० ला मटणाच्या दरावरनं कोल्हापुरात केवढं रामायण झालं ते आठवा, पण त्या वादात पाळणाऱ्याचा खर्च कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आता ऑगस्टात आयांना परत याच काळ्याकडं दाखवणार, २०२८ च्या ईदेसाठी. यंदाच्या पाटी (मादी करडं) मात्र त्याच्याच लेकी. त्या वीस किलोच्या वर गेल्या की दिवाळीनंतर दुसऱ्या रक्ताचा बोकड लागेल. माझ्या काही शेळ्या बोडक्या, म्हणजे बिनशिंगी, आहेत, त्यामुळं बोकड शिंगाचाच हवा. बोडकीला बोडका लावला तर दुलिंगी, वांझ करडं निघायची शक्यता वाढते. कुणाकडं जुळ्यातला, आईला भरपूर दूध असलेला उस्मानाबादी असेल तर कळवा. आयांचं भरवून झालं की काळा बदल्यात द्यायची तयारी आहे.