बरोसाची शिराझ आणि पुण्यातला माळा

सात वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या बरोसाहून आणलेल्या शिराझ या लाल वाईनच्या दोन बाटल्या मी पुण्याच्या घरी माळ्यावर, परातींच्या मागे ठेवून दिल्या. वाईन जितकी जुनी तितकी भारी, ही समजूत. चार उन्हाळ्यांनंतर उघडल्या तर मनुका उकडून राहिलेलं पाणी! त्यामुळे या एप्रिलमध्ये ताईकडे ॲडलेडला गेलो, तेव्हा ठरवलंच होतं की या वेळी आधी मुरवण्याचं शिकायचं, मग बाटल्या घ्यायच्या.

ॲडलेडहून बरोसा व्हॅली तासाभरावर आहे. तोडणी उरकलेली, वेलींची पानं पिवळी पडत आलेली. इथे काही वेली १८४० च्या दशकातल्या आहेत आणि अजून फळतात. युरोपातले मळे फिलॉक्सेरा या किडीने उद्ध्वस्त केले, ती दक्षिण ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेली नाही. म्हणून एक सांगतो: फोटोसाठी न विचारता वेलींमध्ये घुसू नका. कीड बुटांच्या मातीतूनही पसरते.

तानुंडाजवळच्या एका छोट्या वाइनरीत एकाच मळ्याची २०२१, २०१५ आणि २०१० ची शिराझ ओळीने चाखायला मिळाली. ओतणाऱ्या बाईंनी आधी पेले पांढऱ्या कागदावर तिरपे धरायला लावले. २०२१ ची दौतीतल्या शाईसारखी, काठापर्यंत जांभळी. २०१० च्या कडेला विटकरी झाक. पहिल्या घोटात जांभूळ, करवंद, मागून मिरी आणि मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळते तशी आवळली. तो तुरटपणा सालीबियांतल्या टॅनिनचा. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि थोडे तळाला बसतात. जुन्या बाटलीतला साका तो हाच. २०१० च्या बाटलीत फळांची चव मागे सरली होती. सुकं अंजीर, चामडं, तंबाखूची पुडी. मला २०१५ ची आवडली, दोन्हीकडचं थोडं थोडं असलेली. दाजींना २०२१. 'मटणाबरोबर हीच,' म्हणाले, आणि ते चुकीचं नाही.

मुरवण्याची खरी गोष्ट ॲडलेडच्या मॅगिल इस्टेट या वाइनरीतली. पेनफोल्ड्स या कंपनीत वाईन बनवणाऱ्या मॅक्स शुबर्टने १९५१ मध्ये ग्रेंज ही मुख्यतः शिराझची वाईन पहिल्यांदा केली. कोवळी ग्रेंज चाखून लोकांनी नाकं मुरडली आणि १९५७ मध्ये मालकांनी ती बंद करायला सांगितली. हा गडी तीन वर्षं लपून करत राहिला. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या आणि बंदीही उठली.

आता जाणाऱ्यांसाठी. दिवसाला तीनच वाइनरी, चौथ्या ठिकाणी सगळं सारखंच लागतं. चाखायचे पैसे पडतात, बाटली घेतली तर बरेचदा माफ होतात. चार-पाच जण असाल तर आधी कळवा. शनिवारी सकाळी अँगस्टनच्या शेतकरी बाजारात पोटभर खाऊन निघा. घोट घेऊन बादलीत थुंकायची आपल्याला लाज वाटते. खुशाल थुंका, तिथे कुणी वळूनही बघत नाही. तरीही गाडी न पिणाऱ्यानेच चालवावी. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, नवीन लायसन्सवाल्यांना शून्य, आणि या वाईन साडेचौदा-पंधरा टक्क्यांच्या.

भारतात करमुक्त दोन लिटर आणता येते, म्हणजे दोनच बाटल्या. घेताना 'किती वर्षं ठेवू?' हे विचाराच, पण ते उत्तर बारा ते पंधरा अंश आणि अंधार धरून दिलेलं असतं. बुचाची बाटली आडवी ठेवायची, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. घरात तशी थंड जागा नसेल तर मुरवायच्या भानगडीत पडू नका. त्यांनीच मुरवलेली घ्या, महाग पडली तरी. जुनी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवा, म्हणजे साका खाली बसतो, आणि हलक्या हाताने ओता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 'रूम टेंपरेचर' विसरा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच प्या.

मी २०१५ च्याच दोन आणल्या. एक मे महिन्यातच मटणाबरोबर संपली. दुसरी फ्रीजच्या भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीखाली आहे. ते सरबत नाही, हे आईला अजून सांगितलेलं नाही.