कूलरमागची भिंत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रंगारीदादा घर बघायला आले. मी छटांचं पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरून तळहात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक. मग खरवडायच्या पट्टीच्या मुठीने ठकठक करत घराला फेरी मारली. जिथे भदभद आवाज आला, तिथे खडूने गोल केला. कूलरच्या खिडकीखाली थांबले.

"ताई, भितले पानी लागेल शे. रंग दिधा ते टिकाव नही."

अमळनेरकराला कूलरचं महत्त्व सांगायला नको. आमचा लोखंडी कूलर नऊ वर्षांपूर्वी खिडकीबाहेर स्टँडवर चढला, तो उतरलाच नव्हता. बोअरचं जड पाणी, सगळा उन्हाळा भिंतीवर ठिबक. ते पाणी प्लास्टरात मुरतं, सुकताना क्षार वर आणतं, आणि ते क्षार फुलले की रंगाला आतून ढकलतात. मागच्या वेळी ठेकेदार दुसरे होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, भर उन्हाळ्यात, चार दिवसांत घर रंगवून दिलं होतं. खरवडणं नाही, धुणं नाही. भिंत इतकी तापलेली, की ब्रश पुढे सरकायच्या आत मागचा रंग वाळत होता. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे. तेव्हा मी रंगाच्या डब्याला नावं ठेवली होती.

कूलर उतरवायला चार माणसं लागली. त्याच्यामागे चार बाय तीन फुटांचं प्लास्टर हाताने ओढलं तरी निघत होतं. ते विटेपर्यंत काढून गवंड्याने नवं केलं, सात दिवस पाणी मारलं. पुढे कळलं की नव्या प्लास्टरला रंगाआधी साधारण 28 दिवस द्यायचे. म्हणजे दिवाळी गेली! सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. भाऊबीजेला नणंदा आल्या, त्यांनी ठिगळाची भिंत पाहिली, त्यातली एक म्हणाली, "वहिनी, हा नवा फॅशन का?" मी फराळाचं ताट पुढे केलं.

त्या दिवसांत बाकीचं उरकलं. उत्तरेच्या भिंतीवर, पन्हाळीच्या गळक्या जोडाखाली, शेवाळ होतं. आधी जोड बदलला, कारण तो तसाच ठेवून भिंत घासण्यात अर्थ नव्हता. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी वायरब्रशने घासलं. नळाला चार दिवसांआड पाणी, त्यामुळे धुण्यासाठी तीन ड्रम आधीपासून भरून ठेवावे लागले. मधुमालती निम्मी छाटली. तुळशीवृंदावन हलवायचं नाही, असा घरातला हुकूम होता, म्हणून त्याला जुनं धोतर आणि वर प्लास्टिक गुंडाळलं.

खरी पंचाईत बोळातली. शेजारच्या काकूंच्या पडवीत कापूस भरलेला. भाव चढेल म्हणून विकत नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण आमच्या भिंतीचा जुना रंग खरवडला, तर सगळी धूळ त्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर. मी आधी जाऊन बोलले, हे बरं झालं. परांची लावायच्या दिवशी सांगितलं असतं तर भांडणच होतं. मोठी ताडपत्री आणली, दोघींनी मिळून पडवीला बांधली, काकूंनी वर दोन विटा ठेवल्या. वीजमीटरकडे येणारी वायर बांबूंना लागत होती, तेवढ्यासाठी वायरमनला बोलावलं.

भेगांचं दादांनी सरळ सांगितलं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरची भिंत बिचारी तिच्यामागे हलते. पायऱ्यांजवळची भेग त्यांनी टोकाने रुंद केली, ब्रशने धूळ काढली, लवचीक फिलर भरला. "परत दिसनार. बारीक दिसनार," म्हणाले. कोणतीही हमी देण्यापेक्षा हे मला आवडलं.

प्लास्टर सुकलं का ते बघायची त्यांची रीत मी घरीच शिकले. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवायचा, 24 तासांनी उचलायचा. आत थेंब दिसले तर थांबायचं. पहिल्या दोन वेळा थेंब दिसले. तिसऱ्या सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा मी सगळ्यांना ओट्यावर बोलावून दाखवलं. कुणाला काही विशेष वाटलं नाही.

मग प्रायमरचा एक हात, त्यावर रंगाचे दोन. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे सावलीच्या मागे मागे. चार दिवसांत झालंही. रंग कुठला लावला, ते बघायला आलेले सगळे विचारतात.

कूलर अजून अंगणात झाकून ठेवलाय. नवं स्टँड भिंतीपासून हातभर पुढे, खाली पाण्यासाठी पत्र्याची पन्हाळ आणि नळी, असं लोहाराला सांगून आलेय. मार्चच्या आत देतो म्हणालाय.