सासूबाईंचा चातुर्मास आणि जर्सीतलं इटालियन जेवण

इटालियन स्वयंपाकातून कांदा, लसूण आणि वांगं काढून टाका, वर अंडंही नको म्हणा आणि मग मेनू कार्ड हातात घ्या. फारसं काही उरत नाही. माझ्या सासूबाई आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं सोडतात. अंडं तर त्यांना बाराही महिने चालत नाही. सांगलीच्या घरात याची कुणाला अडचण वाटत नाही. पण या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे न्यू जर्सीत, ब्रिजवॉटरला आल्या आहेत आणि जुलैअखेर माझ्या लेकीचा सोळावा वाढदिवस होता. तिला जायचं होतं तिच्या लाडक्या इटालियन हॉटेलात, आणि आजीला सोडून जायचं नव्हतं.

"तुम्ही जाऊन या गं, मी दहीभात खाईन," आई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. अशा वेळी आपण एक तर त्यांना खरंच घरी ठेवतो, नाही तर सोबत नेतो आणि त्यांच्यापुढे काकडी-टोमॅटोची बशी सरकवतो. मला दोन्ही मान्य नव्हतं. नातीच्या वाढदिवसाला आजीनं चवीनं, पोटभर जेवावं आणि तिचा नेमही मोडू नये, एवढं जमवायचं होतं. ते जमलं. इथे उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील येतात, त्यांच्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईंशीच बोलले. कांदा-लसणाचं स्पष्ट होतं. प्रश्न होता चीजचा. चीज करताना दूध घट्ट बसावं म्हणून त्यात रेनेट घालतात. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोसाठी ते वासराच्या जठरातूनच काढलेलं असावं लागतं, तसा त्या चीजचा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं लागतं. मेनूवर शाकाहारी पदार्थापुढे हिरवं पान छापलेलं असलं, तरी वर भुरभुरवलेल्या चीजचा विचार त्यात बहुतेक वेळा नसतो. हे त्यांना सांगावं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं होती. न सांगता खाऊ घालायचं, हे मला पटेना. नेम त्यांचा आहे, तेव्हा निर्णयही त्यांचाच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ते नको. दुसरं कुठलं चालत असेल तर बघ."

मग फोन केला. फोनची वेळ फार महत्त्वाची. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कुणालाही तुमचं ऐकायला सवड नसते. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी तीनच्या सुमाराला फोन करावा. दुपारची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी चाललेली असते. हे हॉटेल सॉमरव्हिल-रॅरिटन भागातलं आहे. रॅरिटनमध्ये इटालियन वस्ती जुनी. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले जॉन बॅसिलोन तिथेच वाढले, त्यांचा पुतळाही गावात आहे. एका लहानशा शॉपिंग प्लाझात, ड्रायक्लीनरच्या शेजारी हे हॉटेल आहे आणि मालकच तिथे मुख्य स्वयंपाकी आहेत. फोनवर तेच आले.

"हे व्हेजिटेरियन आहे का?" असं मी विचारलं नाही. त्याला हो म्हणणं फार सोपं असतं. मी एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारलं, "या भांड्यात सगळ्यात आधी काय पडतं?" या प्रश्नानं सगळं उलगडत गेलं. मरिनारा सॉसला आधी ऑलिव्ह तेल, लगेच लसूण, आणि तो सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात होऊन जातो. मिनेस्ट्रोने सूप आणि रिसोटो, दोन्हींत चिकनचा स्टॉक. पेस्टोत लसूण आणि पार्मेझान. व्होडका सॉसला कांदा, आणि व्होडका तर नावातच. ताज्या फेटुचिनीच्या आणि रॅव्हिओलीच्या पिठात अंडं. वाळवलेली स्पॅगेटी किंवा पेने मात्र निव्वळ गव्हाचा रवा आणि पाणी, तेवढी चालणार होती.

सगळं ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जुलै आहे. टोमॅटो आलेत." खरी वाट तिथून सापडली. जर्सीच्या टोमॅटोचा इथल्या लोकांना फार अभिमान आहे. रटगर्स विद्यापीठानं १९३४ साली आणलेली जात आजही त्याच नावानं ओळखली जाते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शेतावर पिकलेला टोमॅटो मिळतो, आणि तो असला की सॉस शिजवायची गरज उरत नाही. टोमॅटो हातानं चुरगाळायचे, मीठ, ऑलिव्ह तेल, बेसिलची पानं आणि लाल मिरचीचा चुरा घालून तासभर मुरू द्यायचे आणि वर गरम पास्ता ओतायचा. हिवाळ्यात हा मार्ग आम्हाला सापडलाच नसता.

पास्ता उकळायचं पाणी सगळ्यांसाठी एकच असतं, त्यात अंड्याचाही पास्ता पडतो. हे मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं आणि वेगळं पातेलं ठेवतो म्हणाले. मोझरेलाचं खोकं आणून त्यावरचं वाचून दाखवलं. त्यात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट होतं. त्यांच्याकडचा रिकोटा तर व्हिनेगर घालून फाडलेल्या दुधाचा होता, आपण लिंबू पिळून पनीर करतो तसाच.

फोन ठेवताना ते म्हणाले, "ॲलर्जी म्हणून लिहू का?" मी नको म्हटलं. ॲलर्जी लिहिली की स्वयंपाकघरात सुऱ्या, फळ्या, हातमोजे सगळं बदलावं लागतं आणि ज्याच्या खरंच जिवावर बेतू शकतं त्याच्यासाठी ती धावपळ असते. "धार्मिक नेम आहे, एवढंच लिहा," म्हटलं. त्यांनी तसंच लिहिलं.

टेबल संध्याकाळी सहाचं, बाहेरचं घेतलं. आत एसीचा गारठा असतो, वयस्कर माणसाला शाल घेऊनही तो सोसत नाही. जुलैअखेर इथे सूर्य मावळायला सव्वाआठ होतात, त्यामुळे दिवेलागणीच्या आत जेवण उरकायची आईंची सवयही सांभाळली गेली. हॉटेलात दारू मिळत नाही. न्यू जर्सीत नवे परवाने तीन हजार लोकवस्तीमागे एक असे मोजून देतात आणि ते अतोनात महाग पडतात, म्हणून अशी कितीतरी छोटी हॉटेलं आहेत जिथे ज्याला हवी त्यानं वाइन घरून न्यायची. आम्ही काहीच नेलं नाही.

आधी आली ती भजी. झुकिनीची फुलं, आत थोडा रिकोटा, बाहेर मैदा आणि सोडावॉटरचं पातळ पीठ, अंडं नाही. आईंनी एक फूल उचलून देठाकडून निरखून पाहिलं. "अगं, ही तर भोपळ्याची फुलं!" त्यांच्या माहेरी श्रावणात ही भजी व्हायची. त्यांनी आतला रिकोटा आधी वेगळा चाखून बघितला, मग अख्खं फूल खाल्लं आणि दुसरं नातीच्या ताटलीत ठेवलं.

पास्त्यावरच्या पानांपाशी मात्र त्या थबकल्या. "ही तुळस का?" मी सांगितलं, तुळशीच्या कुळातली आहे, पण ही सब्जाची, आपण सरबतात भिजवून घालतो ते बी याच झाडाचं. मग निर्धास्तपणे जेवल्या. वर ब्रेड मागून घेतला आणि ताटलीतला टोमॅटोचा रस पुसून खाल्ला. ते बघून मालक बाहेर आले, हात जोडून "ओके?" म्हणाले. आईंनी मान डोलावली आणि मला म्हणाल्या, "त्यांना विचार, मीठ आधी घालतात की नंतर?" आधी, असं उत्तर आलं.

गोडाचं बरंचसं बाद झालं. तिरामिसूत अंडं, पाना कोटात जिलेटिन, जिलातोतही अंड्याचा बलक. लिंबाचं इटालियन आइस मात्र पाणी, साखर आणि लिंबू, बस. मुलीनं तिरामिसूवर मेणबत्ती लावली, आजीनं तिला आइस भरवलं.

बिलावर ६.६२५ टक्के कर लागतो आणि टिप वेगळी. टेबल मोठं असेल तर टिप कधीकधी आधीच जोडलेली असते, म्हणून बिल नीट वाचावं. आमच्या बिलात जोडलेली नव्हती. आम्ही पंचवीस टक्के दिली. एरवी वीस देतो, पण ज्या मुलानं वाढलं त्यानं प्रत्येक बशी ठेवताना आईंकडे बघून "नो गार्लिक, नो अनियन" असं न चुकता सांगितलं होतं. शिवाय टिप घेणाऱ्यांना मालकानं द्यायचं किमान वेतन इथे इतरांच्या निम्म्याहूनही कमी असतं.

ऑगस्टमध्ये आईंच्या भिशीतल्या इथल्या दोघी मैत्रिणींना घेऊन पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी मालकांना फोन त्या स्वतः करणार आहेत. प्रश्न त्यांनी माझ्याकडून मराठी लिपीत लिहून घेतलेत.