तुम्ही विचारलंत म्हणून: ०.९ आणि ०.९ मिळून १.८ का नाही

"मॅडम, दोन यानं समोरासमोरून प्रत्येकी ०.९ सी ने येतायत, मग एकातून बघितलं तर दुसरं १.८ सी ने येताना का दिसत नाही?" (सी म्हणजे प्रकाशाचा वेग.) दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि फॉर्म्युला सांगितला की "तो माहितीये हो, पण का?" म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सापेक्षतावादाच्या फॉर्म्युल्याने (दोन वेगांची बेरीज भागिले, एक अधिक त्यांचा गुणाकार) १.८ भागिले १.८१, म्हणजे ०.९९४ सी येतं. ते ठीक. पण मला खरं सांगायचंय ते १.८ बद्दल. काही वर्षांपूर्वी एका मुलाने वहीत लिहिलं होतं, "मधल्या स्टेशनवरून बघितलं तर दोघांमधलं अंतर १.८ सी ने कमी होतं." मी लाल फुली मारली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, प्रकाशापेक्षा जास्त वेग नसतो, एवढं तरी पाठ कर. तो म्हणाला, "पण मॅडम, यानाचा नाही, अंतराचा." मी म्हटलं, खाली बस. बसला. नंतर वर्षभर त्याने एक शंका विचारली नाही.

रात्री मीच मांडून बघितलं. सुरुवातीचं अंतर १.८ प्रकाश-तास धरलं (प्रकाश एका तासात जातो तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाश-तास) तर स्टेशनच्या घड्याळाने दोघं बरोब्बर एका तासात भेटतात. त्याचंच बरोबर होतं! त्या १.८ ने कुठलीच वस्तू धावत नसते, एकाच ठिकाणावरून मोजलेल्या दोन वेगांची ती साधी बेरीज, तिला कसली मर्यादा नाही. यानात बसून दुसऱ्याचा वेग मोजायचा तर पट्टीही यानातली लागणार, घड्याळही यानातलं, आणि स्टेशनचा तो एक तास यानात जेमतेम २६ मिनिटांचा. दोघं एकाच वेळी निघाले हेसुद्धा यानातून खरं ठरत नाही. मग स्टेशनची बेरीज तिथे कशी चालेल?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात काहीच बोलले नाही. पोर्शन मागे पडलाय असं स्वतःला सांगितलं, आणि पडला होताच, पण दोन मिनिटं लागली असती.

"पण का"चं म्हणाल तर प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच भरतो, तिथून हे निघतं. १९६४ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत ०.९९९७५ सी ने पळणाऱ्या पायॉन नावाच्या कणांमधून पुढे सुटलेल्या गॅमा किरणांचा (हाही एक प्रकाशच) वेग मोजला, तोही सीच आला. निसर्ग असाच का, ते मला नाही सांगता येत.

हल्ली मी फळ्यावर आधी १.८ लिहिते, ते कुणी मोजलं ते विचारते, मग ०.९९४ कडे जाते. त्याच्या वहीतली फुली मात्र तशीच राहिली.