युनियन आहे, मग असोसिएशन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पोलीस फाउंडेशन्सचा (पोलिसी कामाच्या पूर्वतयारीचा) किंवा तशाच धर्तीचा डिप्लोमा करून एखाद्या नगरपालिकेत बायलॉ ऑफिसर, म्हणजे पालिकेचे स्थानिक नियम (बायलॉ) राबवणारा अधिकारी, म्हणून लागलेली, किंवा लागायच्या खटपटीत असलेली आपली मुलं-मुली गणपतीत, दिवाळीत भेटतात आणि हटकून विचारतात, ‘‘काका, पगारातून युनियनची वर्गणी कापली जातेच. मग पदरचे पैसे भरून या पेशातल्या लोकांच्या असोसिएशनचं सदस्य कशाला व्हायचं?’’ त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न त्याहून आधीचा असतो: हे काम तरी नेमकं काय?

आधी आईवडिलांसाठी. आपल्याकडच्या महापालिकेत अतिक्रमण, परवाना, आरोग्य, इमारत अशा खात्यांचे निरीक्षक जी कामं वाटून करतात, त्यातली बरीचशी इथल्या छोट्या गावात एकाच माणसाकडे येतात. अंगणात माजलेलं गवत, रात्री दोन वाजता वाजणारी गाणी, फुटपाथवरचा न उचललेला बर्फ, मोकाट कुत्रा, थंडीत हीटिंग बंद ठेवणारा घरमालक, बेसमेंटमध्ये दाटीवाटीने राहणारे भाडेकरू. तक्रार आली की गाडी काढायची, जागेवर जायचं, पाहायचं, समजावायचं, नाहीच ऐकलं तर लेखी आदेश काढायचा किंवा तिकीट फाडायचं.

आता मुलांसाठी. युनियन हवीच. बऱ्याच ठिकाणी ती क्युपीची, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या देशव्यापी युनियनची, असते. पगार, पाळ्या, सुट्ट्या, वरिष्ठांनी अन्याय केला तर दाद मागणं, हे सगळं तिचं काम आहे आणि ते ती करते. पण कोणाच्या दारात उभं राहून काय बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे शिकवणं युनियनचं काम नाही. ते शिकायला मी असोसिएशनमध्ये गेलो आणि माझ्या मते तेवढं एक कारण पुरेसं आहे.

ओंटारिओच्या कायद्याने बायलॉची अंमलबजावणी करताना आपण पीस ऑफिसर, म्हणजे तेवढ्या कामापुरते पोलिसांसारखे कायद्याचे अधिकारी, ठरतो. लहान अधिकार नाही हा. पोलिसात भरती झालेल्याला एल्मरच्या पोलीस कॉलेजात जाऊन प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आपल्यासाठी प्रांताने तसं कुठलंही बंधन घातलेलं नाही. ओंटारिओत ४४४ नगरपालिका आहेत. मोठी शहरं आपल्या लोकांना नीट तयार करतात, पण कितीतरी टाऊनशिपमध्ये, म्हणजे छोट्या ग्रामीण पालिकांत, सोमवारी नेमणुकीचं पत्र हातात पडतं आणि मंगळवारी माणूस एकटा तक्रारीवर जातो. लोकांच्या आवारात शिरण्याचा अधिकार असलेल्या माणसाला कोणीच काही शिकवलेलं नसावं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ही उणीव भरून काढायला याच पेशातली माणसं पुढे आली आणि त्यांनी संघटना उभ्या केल्या.

एक उदाहरण देतो. बेसमेंटची तक्रार. दार उघडतो विशीतला एक मुलगा, बहुतेक वेळा आपल्याच देशातून शिकायला आलेला. मागे भिंतीलगत गाद्या, कोपऱ्यात इंडक्शनची शेगडी. गणवेश बघून तो घाबरतो, बाजूला सरकतो, म्हणतो, ‘‘या ना सर, या.’’ सरकारी माणसाला दारातून परत पाठवता येतं हेच त्याला माहीत नसतं. आणि नेमकं इथेच थांबायचं. उंबरठा ओलांडायचा नाही. २००१ च्या म्युनिसिपल ॲक्टचं ४३७ वं कलम सांगतं की, कोणी प्रत्यक्ष राहत असलेल्या जागेत संमतीने जायचं असेल, तर संमती घेण्याआधी त्या माणसाला सांगायचं की तू नाही म्हणू शकतोस, आणि नाही म्हणालास तर आदेश किंवा वॉरंट असल्याशिवाय मला आत येता येणार नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी, असे मोजके अपवाद आहेत. एरवी ‘‘या ना सर’’ ही संमती नव्हे.

असोसिएशनच्या प्रशिक्षणात हे आमच्याकडून करून घेतलं होतं. एकाने भाडेकरू व्हायचं, एकाने ऑफिसर, आणि वर्गाच्या दारातच उभं राहायचं. शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाला परत परत थांबवायच्या: ‘‘तुम्ही सांगितलंत, पण त्याला समजलं का?’’ मग नोटबुक. बांधीव वही, छापील पानक्रमांक, मध्ये एकही कोरी ओळ सोडायची नाही, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी आद्याक्षरं. वेळ लिहायची, आपण काय सांगितलं ते लिहायचं आणि समोरच्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत. मुलगा हिंदीत बोलला तर मी ते हिंदीतच उतरवतो आणि खाली इंग्रजीत अर्थ देतो. ही वही उद्या समोरच्या पक्षाला दाखवावी लागते. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे अशी छोटी प्रकरणं ऐकणारा न्यायाधिकारी, याच्यासमोर उभं राहिल्यावर आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट कॅम्लूप्सची. ब्रिटिश कोलंबियातलं हे प्रकरण या पेशात प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९७४ मध्ये तिथे उतारावर एक घर बांधलं जात होतं. पाया घट्ट जमिनीपर्यंत नेलेला नाही हे निरीक्षकाच्या लक्षात आलं आणि काम थांबवण्याचा आदेश लागला. काम थांबलं नाही. घर एका नगरसेवकाचं होतं. त्याने कौन्सिलपुढे गाऱ्हाणं मांडलं आणि प्रकरण तिथेच विरलं. १९७७ मध्ये घर विकलं गेलं आणि पुढे घेणाऱ्याला कळलं की पाया खचतो आहे. १९८४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने नगरपालिकेलाही जबाबदार धरलं आणि नुकसानीचा २५ टक्के वाटा तिच्यावर टाकला. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. निरीक्षकाने दोष हेरला होता, आदेशही निघाला होता. तो पुढे रेटायची वेळ आली तेव्हा मात्र पालिका मागे हटली.

टाऊनशिपमध्ये काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सांगा, तो गप्प होतो. कारण तसला फोन त्यालाही आलेला असतो. प्रशिक्षणात जेवणाच्या टेबलावर ओळख झालेल्या एका बाईंनी मला एकदा संध्याकाळी फोन केला. त्या त्यांच्या गावात एकट्याच ऑफिसर. एका कौन्सिलरच्या नातेवाइकाच्या अंगणातल्या भंगार गाड्यांबद्दल तक्रार होती आणि ‘जरा सबुरीनं घ्या’ असा निरोप आला होता. मी काही वकील नाही. पण २००८ च्या फोली विरुद्ध शेमेस या निकालात ओंटारिओच्या अपील कोर्टाने काय म्हटलं आहे, ते आम्ही दोघांनी एकाच वर्गात ऐकलं होतं: बायलॉ कसा राबवायचा याची पालिकेला बरीच मोकळीक आहे, पण जे करायचं ते वाजवी आणि प्रामाणिकपणे करायला हवं. त्यांनी तो निरोप तारीख-वेळेसकट नोंदवला, मॅनेजरला लेखी कळवलं आणि एरवी कोणाला दिली असती तेवढीच मुदत त्या घराला दिली. गावात त्यांना हे विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण हे वाचाच. ऑगस्ट २०१२ मध्ये अल्बर्टात, कॅल्गरीच्या दक्षिणेला असलेल्या फूटहिल्स भागात, रॉड लेझनबी हे पीस ऑफिसर कुत्र्यांच्या तक्रारीवरून एका घरी गेले. एकटेच गेले होते. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. आरसीएमपीतून, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलातून, निवृत्त झालेला अनुभवी माणूस होता तो. कुत्र्याची तक्रार आपल्याकडे येणाऱ्या सगळ्यात साध्या तक्रारींपैकी. जाण्याआधी पत्त्याचा पूर्वइतिहास बघणं, कुठे चाललो ते कोणाला तरी सांगून ठेवणं, दारात कुठल्या बाजूला उभं राहायचं, माघार कधी घ्यायची, हे सगळं शिकता येतं आणि शिकायलाच हवं.

कुठल्या संघटनेत जायचं? ओंटारिओत दोन नावं कानावर पडतील. एक म्युनिसिपल लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स असोसिएशन, सर्वसाधारण बायलॉच्या कामासाठी. दुसरी ओंटारिओ असोसिएशन ऑफ प्रॉपर्टी स्टँडर्ड्स ऑफिसर्स. तुमचं काम प्रामुख्याने घरांची देखभाल, गळकी छपरं, मोडके जिने असं असेल तर दुसरी जास्त उपयोगाची, कारण तिथे इमारतीचं तांत्रिक ज्ञानही मिळतं. दोन्हीकडे प्रशिक्षण आणि अनुभवाच्या बळावर प्रमाणित अधिकारी होता येतं आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याची विचारणा होते. पण नावापुढच्या अक्षरांसाठीच जाणार असाल तर थोडं थांबा असं मी म्हणेन. वर्गणी भरून वर्षभर तोंड न दाखवणारे सदस्य मी पाहिलेत, त्यांना त्यातून काही मिळालेलं नाही.

अलीकडे या सगळ्याची निकड वाढली आहे. अनेक नगरपालिकांनी तिकिटांची प्रकरणं कोर्टातून काढून प्रशासकीय दंडाच्या पद्धतीत आणली आहेत. हरकत घेतली की आधी स्क्रीनिंग ऑफिसर, मग हिअरिंग ऑफिसर. लोकांची कामं लवकर होतात, ते चांगलंच. पण कोर्टात उलटतपासणी होणार हा जो धाक आपल्या कामावर होता, तो अशा प्रकरणांत राहत नाही. म्हणून आपली नोंद, आपले फोटो, आपली भाषा स्वतःहूनच चोख ठेवायला हवी. दंड भरणारा माणूस बऱ्याचदा वकील करू शकत नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर नीट शिकलेला ऑफिसर हेच त्याचं पहिलं संरक्षण आहे.

पैशांचं म्हणाल, तर मुलाखतीतच विचारा की पालिका वर्गणी भरते का आणि प्रशिक्षणाचे दिवस कामाचे धरते का. मोठ्या पालिकांत मॅनेजरशी बोललं की बहुधा जमतं. छोट्या टाऊनशिपने नाही म्हटलं, तर मी म्हणेन खिशातून भरा, कारण एकट्याने काम करणाऱ्यालाच याची जास्त गरज आहे. अजून नोकरी लागली नसेल तर तुम्हाला कुठल्या प्रकारचं सदस्यत्व मिळेल, ते संघटनेला आधी विचारून घ्या. आणि पहिल्या प्रशिक्षणाला जाल तेव्हा जेवणाच्या सुट्टीत आपल्याच शहराच्या लोकांबरोबर बसू नका. उत्तरेकडच्या एखाद्या टाऊनशिपमधून गाडी हाकत आलेला माणूस शोधा, आणि निघताना त्याचा नंबर घ्या.