ठाण्याच्या तलावांची साइट: ‘पायऱ्या’ अखेर सापडल्या

ठाण्याच्या तलावांवर एक छोटी साइट बांधतोय. मागच्या नोंदीत तिच्या शोधपेटीपाशी थांबलो होतो. ‘पायऱ्या’ टाकलं की मासुंदा तलावाचं पान यायचं. कचराळी आणि उपवन मात्र गायब. तिन्ही पानांवर शब्द अगदी सारखा दिसतो, तरीही! तो गुंता सुटला.

‘ऱ्या’मधला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवला जातो. पहिली, ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण). दुसरी, साधा र (०९३०), नुक्ता (खालचा टिंब), हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर (२००डी). एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर एकाच रूपात आणायची युनिकोडची ठरलेली पद्धत, पहिल्या दोन एकत्र आणतं, तिसरीला हातही लावत नाही. जुन्या फाइलींतून आलेला मजकूर बहुतेक तिसऱ्या तऱ्हेचा.

सगळे जॉइनर सरसकट उडवू नका. तसं केलं की येऊरच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. क्रम असा हवा: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, २००डी’च्या जागी ‘ऱ, हलन्त’, आणि त्यानंतरच उरलेले २००सी (जोड तोडणारं तसंच न दिसणारं चिन्ह) आणि २००डी काढायचे. ‘अॅ’ आणि ‘ऍ’चं ‘ॲ’ही (०९७२) इथेच करून टाका, एनएफसी तेही करत नाही. हे सगळं फक्त इंडेक्ससाठी, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीसाठी. पानावरचा मजकूर जसाच्या तसा.

लुनर (ब्राउझरमध्येच चालणारी शोधाची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे. त्याचा ट्रिमर रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर सोडून शब्दाच्या टोकांचं सगळं छाटतो, म्हणजे देवनागरी शब्द पूर्णच रिकामा होतो. तो पाइपलाइनमधून, म्हणजे शब्दांवरच्या प्रक्रियांच्या साखळीतून, काढाच. दुसरं, शोधात तारा (*, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) असला की तो शब्द पाइपलाइनमधून जातच नाही. म्हणून वरची सफाई लुनरकडे शोध देण्याआधीच करायची. एवढं सांभाळलं तर छोट्या साइटला लुनर उत्तम. सर्व्हर लागत नाही.

विभक्तीसाठी ‘तलाव*’ पुरतं. तलावात, तलावांचा सगळं येतं. ‘पायरी’चं काय? इथे स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा कोड) लिहायचा बेत होता, पण ही नोंद लिहिताना सोपी वाट दिसली. इंडेक्समध्ये दुसरं एक फील्ड (मजकुराचा वेगळा कप्पा) ठेवायचं आणि त्यात प्रत्येक ‘ऱ’चा ‘र’ करायचा. शोधातल्या शब्दावरही तेच, शिवाय शेवटची मात्रा काढून तारा लावायचा. ‘पायर*’ला पायरीवर आणि पायऱ्या दोन्ही लागतात, ‘किनार*’ला किनाऱ्यावर. निकालांच्या क्रमात मूळ फील्डला वजन (बूस्ट) १०, याला १. आता स्टेमर नकोच.

यामुळे यूआरएलचाही निर्णय झाला: स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) रोमनमध्ये. पत्त्यात वापरतात त्या पर्सेंट एन्कोडिंगमध्ये देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार नऊ-नऊ चिन्हांचं होतं, म्हणजे एकट्या ‘मासुंदा’ची ६३. शिवाय ‘ऱ’ची तऱ्हा वेगळी असली की तीच दिसणारी लिंक ४०४ (‘पान सापडलं नाही’) देते. पानाच्या टायटलमध्ये मात्र ‘मासुंदा तलाव (तलावपाळी), ठाणे’ असं पूर्ण. बहुतेक ठाणेकर तलावपाळीच म्हणतात, तर तेच शोधणार.

बाकी झटपट. तयार थीममध्ये पानाची भाषा सांगणारं लँग ॲट्रिब्यूट ‘ईएन’ (इंग्रजी) होतं, ते ‘एमआर’ केलं. एनव्हीडीए हा दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर आता ईस्पीक या वाचक-आवाजाच्या सॉफ्टवेअरच्या मराठी आवाजात वाचतो, ऐकून फार बरं वाटलं! निकालांची संख्या ‘रोल स्टेटस’ लावलेल्या भागात टाकली, म्हणजे स्क्रीन रीडरवर फोकस न हलवता ती ऐकू येते. शीर्षकांवरचं लेटर स्पेसिंग शून्य. त्याने शिरोरेषा तुटते आणि वाचताना डोळ्यांना त्रास होतो. फिकट हिरव्या लिंका ४.५:१ कॉन्ट्रास्टपर्यंत गडद केल्या. फॉन्ट मुक्ता, देवनागरी मजकुरासाठी मोफत फॉन्टांत माझी पहिली पसंती. फॉन्टचा सबसेट करताना (लागणारीच अक्षरं ठेवताना) ०९००–०९७एफ या देवनागरी क्रमांकांसोबत २००सी, २००डी आणि २५सीसी (सुट्या मात्रेखालचं ठिपक्यांचं वर्तुळ) हेही ठेवा.

राहिली ‘दरी’. ‘दर*’ला दररोज, दरवाजा, दर्जा सगळंच लागतं. त्यामुळे दुसरं फील्ड तीन व्यंजनांखालच्या शब्दांना बंद, आणि दरी–दऱ्या, झरा–झरे–झऱ्या अशा जोड्यांचा हाताने केलेला तक्ता. तुमच्याकडे असे आखूड शब्द असतील तर पाठवा, तक्त्यात घालतो.