मागील बाकी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बियाणे कंपनीचा पोरगा येतो आणि दुकानाच्या काउंटरवर नव्या वर्षाची डायरी ठेवून जातो. रेक्झिनचं कव्हर, आत लाल रिबीन, एका दिवसाला एक अख्खं पान. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एक पान भरेल एवढं एका दिवसात कुणाचंच काही घडत नाही. तरी मी डायरी उघडतो, १ जानेवारीचं पान तळहातानं सपाट करतो आणि लिहितो: उधारी बंद. खर्रा बंद. पहाटे फाट्यापर्यंत चालणे.

यंदा लिहून झाल्यावर सहज गेल्या वर्षीची डायरी काढून पाहिली. तिच्यात हा सुपारी-तंबाखूचा खर्रा पहिल्या नंबरवर होता, एवढाच फरक.

ही सवय मला लागली ती अमरावतीच्या एका हॉटेलात, कृषी केंद्रवाल्यांच्या मीटिंगमध्ये. टाय लावलेल्या पोरानं पडद्यावर इंग्रजी पाच अक्षरं दाखवली, SMART. ध्येय कसं असावं? नेमकं, मोजता येणारं, जमण्यासारखं, असं काहीतरी, आणि शेवटी मुदतीचं. ही अक्षरं १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकी माणसानं एका लेखात पहिल्यांदा मांडली, हे मी नंतर वाचलं. त्याच्या मूळ यादीत तिसरं अक्षर ‘जमण्यासारखं’ नव्हतंच. ते होतं ‘कुणावर सोपवणार’. हे मला फार पटलं. माझी बहुतेक ध्येयं मी बायकोवर सोपवलेलीच असतात. मग त्या पोरानं विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” माझ्या बाजूचा अंजनगावकडचा दुकानदार म्हणाला, “काउंटरमागंच. तुमी आले तं चहा पाजू.” त्याच्या उत्तराइतकं नेमकं त्या दिवशी दुसरं काही बोललं गेलं नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे वर्ष एकदाच सुरू होत नाही. १ जानेवारी मोबाइलवर येते, गुलाबाच्या फुलासकट. पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचं वर्ष १ एप्रिलला. ही तारीख इंग्रजांनी १८६७ पासून लावून दिली आणि तेव्हापासून मार्चअखेर आमची धावपळ चालू आहे. पाहुण्याकडून दोन दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं, पाहुण्याचे परत करायचे. याला नवं-जुनं करणं म्हणतात, आणि त्यात नवं काय असतं ते मला आजवर कळलेलं नाही. तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. कापसाचं १ ऑक्टोबरला. पोरांची शाळा, आमच्या उन्हामुळं, राज्यात सगळ्यांच्या मागून जूनच्या शेवटी. व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल गुढीपाडव्याला.

इतकी वर्षं हाताशी असल्यावर खर्रा सुटणार कसा?

“अवो, एक तारखेपासून सोडणार होते ना?” बायको विचारते.

“संक्रांतीपासून. सूर्य बदलला पाहिजे.”

संक्रांतीनंतर महाशिवरात्र असते, मग पाडवा, मग थेट मृग. प्रत्येक वेळी मी मनापासून ठरवतो. खोटं बोलत नाही. पानटपरीवाला सुपारी-तंबाखू घोटता घोटता विचारतो, “भाऊ, हा शेवटचा का?” आणि चुना जरा जास्त टाकतो.

खरं नियोजन मी पाहिलं ते वडिलांच्या काळात, सालदार ठेवताना. पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली की अंगणात सतरंजी टाकायची. सालाची रक्कम किती, ज्वारी किती, कपडे कोणते, सणाला सुटी किती, बायको निंदणाला आली तर तिची मजुरी वेगळी की त्यातच. सगळं तोंडी. दोन माणसं साक्षीला आणि मधात चहा. कागद नाही, रिबीन नाही. तरी वर्षभर तो शब्द चालायचा. आताशा सालदारच मिळत नाहीत म्हणून ती सतरंजीही पडत नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली: ठरवणारे दोघं होते. माझ्या डायरीत मी एकटाच मालक आणि एकटाच गडी. गडी कामावर आला नाही तरी मालक काही बोलत नाही.

दुसरं नियोजन बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळचं. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती गोल अठरा प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा कुठं सरकला ते पाहून पीकपाणी सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, आणि बियाणं विकणाऱ्यानं तर म्हणूच नये. पण तिथं पावसासाठी जागा सोडलेली असते. माझ्या तीनशे पासष्ट पानांत एक ढेकूळसुद्धा नाही. आणि आमचा तर खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारं, म्हणून जे काही व्हायचं ते वरच्या पाण्यावर.

उधारीचं गेल्या खरिपात असंच झालं. जानेवारीत मी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी रंगवून घेतली होती. मे संपेपर्यंत ती फार छान चालली, कारण मे संपेपर्यंत कुणी काही घ्यायलाच येत नाही. मग पाऊस पडला आणि शेवटच्या घरचे काका दारात उभे.

“भाऊ, चार थैल्या दे. पैसे कापसावर.”

“काका, पाटी वाचली का?”

“वाचली ना, कालच वाचून गेलो. तं आज उद्या झाला नाही का बाप्पा?”

कपाशीच्या बियाण्याची ४७५ ग्रॅमची थैली, तेव्हा ९०१ रुपयांची. चार थैल्या म्हणजे दोन एकर. जमिनीला वाफसा आलेला, माणूस दारात, अशा वेळी मोजता येणारं आणि मुदतीचं काय असतं ते त्या टायवाल्या पोरानं येऊन सांगावं. मी थैल्या काढल्या. खतही दिलं. आणि लिहायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून डायरी ओढली आणि ‘उधारी बंद’च्या खाली काकांची उधारी मांडली. ऑगस्टपर्यंत त्या पानाला समासही उरला नाही.

काकांचा कापूस अजून घरातच आहे. पुढच्या खोलीत छतापर्यंत. त्याच्या बाजूला झोपून घरातले सगळे अंग खाजवतात. यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात, लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये हमीभाव, पण तो पूर्ण भाव आठ टक्के ओलीपर्यंत, आणि बारा टक्क्यांच्या वर सरकारी खरेदी केंद्रावर घेतच नाहीत. त्यात आता आधी मोबाइलवर नोंदणी. ती काकांचा नातू करणार आणि नातू अकोल्याला. म्हणजे माझं यंदाचं धंद्याचं ध्येय काकांच्या खोलीत वाळत पडलं आहे.

परवा संध्याकाळी ते आले. हातात सोयाबीन विकून आणलेले अर्धे पैसे आणि पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा. “सुनबाईले सोलेभात कराले सांग.” पैसे मोजले, जुन्या डायरीतलं खातं काढलं, उरलेला आकडा नव्या डायरीत उतरवायला पहिलंच पान उघडलं. ‘उधारी बंद’च्या खाली, बरोबर त्याच जागी, ‘मागील बाकी’ लिहिलं.

“बाकीचे कधी, काका?”

“पाडव्याले देतो ना.”

“कोणत्या पाडव्याले? गुढीच्या का दिवाळीच्या?”

तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती.